काळ्या यादीतून काढलेला आयपी पत्ता पुन्हा पुन्हा यादीत का जातो?

कार्यालयातून ग्राहकांना पाठवलेले ई-मेल परत येऊ लागतात, परतीच्या संदेशात आपला आयपी पत्ता (इंटरनेटवरील आपल्या जोडणीचा क्रमांक) एखाद्या काळ्या यादीत, म्हणजे ज्यांच्याकडून ई-मेल घेऊ नयेत अशा पत्त्यांच्या यादीत, असल्याचे लिहिलेले असते, यादी चालवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन नाव काढण्याची विनंती केली की अडथळा दूर होतो, आणि थोड्याच दिवसांत तेच सगळे पुन्हा घडते. लहान कारखाने, सनदी लेखापालांची कार्यालये, शाळा, दवाखाने अशा ज्या ठिकाणी संगणकांची देखभाल करणारा माणूस बाहेरून येतो, तिथे हे दुखणे विशेष आढळते. विनंती मान्य झाली याचा अर्थ यादीने नोंद पुसली एवढाच असतो. ज्या यंत्रामुळे ती नोंद झाली ते यंत्र मात्र त्याच राउटरला जोडलेले राहते. म्हणून पुढील विवेचनात विनंतीचा टप्पा जवळजवळ शेवटी येतो, आणि तो तसाच शेवटी ठेवावा असा माझा आग्रह आहे, कारण काही याद्या वारंवार काढून घेतलेले आणि वारंवार परत आलेले पत्ते पुढच्या वेळी सहज सोडत नाहीत.

पत्ता खरोखर आपलाच आहे का

राउटरच्या व्यवस्थापन पडद्यावर वॅन, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, विभागात जो पत्ता दिसतो तो लिहून घ्यावा, आणि त्याच जोडणीवरून एखाद्या आयपी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर जाऊन तिथे दिसणारा पत्ता त्याच्याशी ताडून पाहावा. दोन्ही एकच असतील तर पत्ता आपला. राउटरवर १०, १७२.१६ ते १७२.३१ किंवा १९२.१६८ यांनी सुरू होणारा खासगी पत्ता दिसत असेल, किंवा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला दिसत असेल, तर बाहेर दिसणारा पत्ता बहुधा आपल्या एकट्याचा नाही. सेवादात्याने तो अनेक ग्राहकांमध्ये वाटून दिलेला असतो.

हे वाटप सेवादात्याच्या लहरीतून आलेले नाही. जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता ३२ बिटांचा असल्याने जगभरात असे पत्ते ४२९ कोटींच्या आसपासच होऊ शकतात. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला, आशिया-प्रशांत विभागासाठी पत्ते देणाऱ्या एपीनिक या संस्थेने त्याच वर्षी एप्रिलपासून हात आखडता घेतला, आणि १००.६४ पासूनचा पट्टा २०१२ मध्ये खास अशा सामायिक वापरासाठी राखून ठेवण्यात आला. त्यामुळे सामायिक पत्त्यावर झालेली नोंद शेजारच्या इमारतीतल्या कोणाच्याही संगणकामुळे झालेली असू शकते, आणि आपल्या कार्यालयातील प्रत्येक संगणक तपासून काढला तरी ती थांबणार नाही. अशा वेळी दोनच वाटा उरतात: सेवादात्याकडून स्वतंत्र स्थिर पत्ता घेणे, किंवा बाहेर जाणारे सर्व ई-मेल आपल्या मेल-सेवेच्या सर्व्हरमार्फत, पासवर्डासह, ५८७ या पोर्टावरून (पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरील वेगवेगळ्या सेवांसाठीचा क्रमांकित मार्ग) पाठवणे.

इथेच आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. अनेक कार्यालयांत एक जोडणी बंद पडल्यास दुसरीने काम चालावे म्हणून राउटरला दोन सेवादात्यांच्या जोडण्या दिलेल्या असतात, आणि राउटर दोन्हींवर भार वाटत असेल तर काही ई-मेल एका पत्त्यावरून तर काही दुसऱ्यावरून जातात. कधी ई-मेल पोहोचतात, कधी परत येतात, अशी तक्रार असली की पहिला संशय या रचनेवर घ्यावा. परतीच्या संदेशात जो पत्ता छापलेला असतो त्याचाच शोध करायचा, आपल्याला पाठ असलेल्या पत्त्याचा नव्हे.

कोणत्या यादीत, आणि कशासाठी

एकाच वेळी शंभर याद्या तपासून लाल-हिरवे ठिपके दाखवणारी संकेतस्थळे सोयीची असतात, परंतु त्यांतला प्रत्येक लाल ठिपका सारख्याच वजनाचा नसतो. काही याद्या बंदही पडलेल्या आहेत. सॉर्ब्स ही एकेकाळी बरीच वापरली जाणारी यादी जून २०२४ मध्ये बंद झाली, तरी जुन्या सूचनापत्रांत तिचे नाव अजून सापडते. ज्या यादीचे नाव परतीच्या संदेशात आहे, तीच आपल्या कामाची.

स्पॅमहाउस या संस्थेच्या याद्या सर्वाधिक मेल-सर्व्हर विचारात घेतात, म्हणून त्यांची उत्तरे वाचता आली पाहिजेत. अशी यादी डीएनएसमार्फत, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या यंत्रणेमार्फत, विचारली जाते: पत्त्यातील चार आकडे उलट्या क्रमाने लिहून त्यापुढे यादीचे नाव जोडायचे. उदाहरणासाठी राखीव असलेला २०३.०.११३.४५ हा पत्ता घेतला, तर प्रश्न ४५.११३.०.२०३ असा सुरू होतो. नोंद नसेल तर असे नावच अस्तित्वात नाही असे उत्तर येते; नोंद असेल तर १२७ ने सुरू होणारा एक पत्ता येतो आणि त्याचा शेवटचा आकडा कारण सांगतो. स्पॅमहाउसच्या एकत्रित यादीत २ म्हणजे त्यांच्या माणसांनी तपासून केलेली नोंद, ३ म्हणजे नको असलेले ई-मेल पाठवण्याच्या वागणुकीवरून यंत्रणेने आपोआप केलेली नोंद, ४ म्हणजे त्या पत्त्यामागे बाधित किंवा दुसऱ्याच्या ताब्यात गेलेले यंत्र असल्याची खूण, आणि १० किंवा ११ म्हणजे हा पत्ता सामान्य ग्राहकांच्या पट्ट्यातला असल्याने येथून थेट ई-मेल येऊ नयेत एवढेच धोरण.

शेवटच्या प्रकारावरून फार घबराट होते आणि ती अनाठायी आहे. १० किंवा ११ हा आरोप नाही. अशा पत्त्यावरून स्वतःचा मेल-सर्व्हर थेट चालवत नसाल, तर त्या नोंदीने काही अडत नाही आणि ती काढण्याच्या मागे लागण्याचे कारणही नाही. उलट ४ हा आकडा आला तर मात्र पुढचा सगळा शोध करावाच लागतो.

एक फसवे उत्तर वेगळे सांगायला हवे: १२७.२५५.२५५.२५४. हे आले म्हणजे पत्ता यादीत आहे असे मुळीच नाही. प्रश्न सर्वांसाठी खुल्या असलेल्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरमार्फत विचारला गेला आणि म्हणून उत्तर नाकारले गेले, एवढाच त्याचा अर्थ आहे. काही मेल-सर्व्हर मात्र १२७ ने सुरू होणारे कोणतेही उत्तर म्हणजे नोंद असे समजून आलेले प्रत्येक ई-मेल परत पाठवतात. आपल्याकडे येणारे सर्वच ई-मेल अचानक नाकारले जाऊ लागले, किंवा एकाच विशिष्ट ग्राहकाचा सर्व्हर आपल्याला नाकारत आहे आणि स्पॅमहाउसच्या स्वतःच्या पानावर आपला पत्ता स्वच्छ दिसतो आहे, तर दोष नाकारणाऱ्या सर्व्हरच्या रचनेत असण्याची शक्यता मोठी. डीएनएस सर्व्हर स्वतःचा केला आणि उत्तराचा नेमका आकडा तपासण्याची सूचना दिली की हा प्रकार थांबतो.

एब्यूजआयपीडीबीसारख्या ठिकाणांची गोष्ट निराळी आहे. तिथे जगभरातले सर्व्हर सांभाळणारे लोक, बहुतेक वेळा फेल-टू-बॅनसारख्या, वारंवार घुसू पाहणाऱ्या पत्त्यांना अडवणाऱ्या साधनाला जोडलेल्या आज्ञावलीमार्फत, आपल्यावर आलेल्या हल्ल्यांची तक्रार त्या त्या पत्त्याच्या नावावर नोंदवतात, आणि त्यांवरून शून्य ते शंभर टक्क्यांच्या दरम्यानचा विश्वासांक काढला जातो. हा अंक तो पत्ता उपद्रवी असल्याची खात्री किती वाटते हे दर्शवतो. उपद्रव किती मोठा होता ते त्यावरून समजत नाही. नव्या तक्रारी थांबल्या की तो काळानुसार उतरतो. अंकाकडे पाहून अस्वस्थ होण्यापेक्षा त्याखालच्या तक्रारी एकेक करून वाचणे कितीतरी अधिक उपयोगाचे असते, कारण आपल्या जाळ्यात काय बिघडले आहे याचा पुरावा तिथे आयता मिळतो.

तक्रारीतील वेळ आणि पोर्ट

तक्रारीतल्या तीन गोष्टी टिपून घ्याव्यात: वेळ, ज्या पोर्टावर प्रयत्न झाला तो पोर्ट, आणि तक्रारीचा प्रकार. वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत दिलेली असते, तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात, आणि ही साधी बेरीज न केल्यामुळे कित्येक शोध चुकीच्या टेबलापाशी जाऊन थांबतात. समजा तक्रारीत रात्री ८ वाजून ४७ मिनिटे अशी वेळ आहे. ती पाहून कार्यालयात उशिरापर्यंत कोण बसले होते याची चौकशी सुरू होते. वास्तविक भारतीय वेळेनुसार तेव्हा दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे २ वाजून १७ मिनिटे झालेली असतात, कार्यालयाला कुलूप असते, आणि चालू असतात ती केवळ राउटर, कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर, हजेरीचे यंत्र आणि कोणी बंद न केलेला एखादा संगणक. संशयितांची यादी एका बेरजेने चारांवर आली.

पोर्टही बोलका असतो. २३ किंवा २३२३ वर प्रयत्न झाले असतील तर ते मिराई कुळातील बाधेचे (यंत्राचा ताबा घेणाऱ्या घातक प्रोग्रॅमचे) लक्षण आहे; २०१६ मध्ये पसरलेल्या या बाधेने कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर यांच्यावर कारखान्यातून आलेले ठरावीक पासवर्ड वापरून ताबा मिळवला होता, आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला डिन या डीएनएस सेवादात्यावर झालेल्या हल्ल्यात अशाच यंत्रांचा वापर झाला. तिची संकेतावली (सोर्स कोड) उघड झाल्यामुळे वंशज आजही फिरत आहेत. २२ वर पासवर्डांचा भडिमार असेल तर लिनक्सवर चालणारा एखादा सर्व्हर किंवा साठवण-यंत्र तपासावे. ५५५५ असेल तर अँड्रॉइडवर चालणारे टीव्ही-बॉक्स. २५ असेल तर ई-मेल पाठवणारी बाधा. आणि संकेतस्थळांच्या प्रवेश-पानांवर किंवा टिप्पण्यांच्या जागी उपद्रव झाल्याची नोंद असेल, तर आपल्या जोडणीचा कोणीतरी मध्यस्थ म्हणून वापर करत असण्याचा दाट संभव आहे.

केवळ यूडीपी वाहतुकीवर (आधी जोडणी न जुळवता माहिती पाठवण्याच्या पद्धतीवर) आधारलेली एकटी तक्रार असेल तर मात्र सावधपणे घ्यावी, कारण अशा वाहतुकीत पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो. तक्रारी वेगवेगळ्या लोकांकडून, वेगवेगळ्या दिवशी आणि एकाच प्रकारच्या आलेल्या असतील, तर खोटेपणाची शंका बाळगण्यात अर्थ नाही.

आतले यंत्र शोधणे

आता प्रश्न असा की बाहेर एकच पत्ता दिसत असताना आतल्या वीस-पंचवीस यंत्रांपैकी दोषी कोणते. त्यासाठी राउटरने बाहेर जाणाऱ्या जोडण्यांची नोंद ठेवली पाहिजे, आणि घरगुती वापराचे बहुतेक राउटर ती ठेवतच नाहीत किंवा बंद-चालू होताच पुसून टाकतात. नोंदी नसतील तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे राउटरच्या फायरवॉलमध्ये (नको ती वाहतूक अडवणाऱ्या भागात) संशयित पोर्टावर बाहेर जाणारी वाहतूक अडवणारा नियम घालणे आणि अडवलेल्या प्रत्येक प्रयत्नाची नोंद करण्यास सांगणे. २५, २३ आणि २३२३ हे पोर्ट स्वतःचा मेल-सर्व्हर नसलेल्या सामान्य कार्यालयातल्या कोणालाच लागत नसल्याने हा नियम कायमचा राहिला तरी बिघडत नाही, उपद्रव त्या क्षणीच थांबतो, आणि आतला कोणता पत्ता भिंतीवर डोके आपटतो आहे हे रात्रभरात कळते. तोही पुरेसा नसेल तर स्विचच्या (यंत्रांच्या केबल जोडण्याच्या पेटीच्या) एका जोडबिंदूवर सर्व वाहतुकीची प्रत काढून वायरशार्क या वाहतूक तपासणाऱ्या प्रोग्रॅमने पाहता येते; ते काम जाणकाराकडून करून घ्यावे.

आतला पत्ता सापडला की राउटरच्या डीएचसीपी यादीत (आतला कोणता पत्ता कोणत्या यंत्राला दिला याच्या यादीत) त्यापुढचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळखक्रमांक) पाहून यंत्र ओळखायचे. मोबाइलच्या बाबतीत ही ओळख फसते, कारण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा, बनावट मॅक पत्ता वापरतात. कर्मचाऱ्यांचे आणि पाहुण्यांचे फोन कार्यालयीन वाय-फायवर असतील तर त्यांना वेगळ्या जाळ्यात टाकल्याशिवाय हा शोध पुढे सरकत नाही.

ज्यांच्यावर संशय यायला हवा आणि येत नाही अशी दोन ठिकाणे आहेत. पहिले, फुकटचे व्हीपीएन, म्हणजे आपली वाहतूक दुसऱ्या ठिकाणामार्फत गुप्तपणे वळवणारे प्रोग्रॅम. अमेरिकेच्या न्यायखात्याने मे २०२४ मध्ये मोडून काढल्याचे जाहीर केलेल्या ९११ एस५ या जाळ्यात फुकट व्हीपीएन म्हणून संगणकांवर घेतलेल्या प्रोग्रॅममधून १ कोटी ९० लाखांहून अधिक आयपी पत्ते गुन्हेगारांना भाड्याने दिले जात होते. संगणकाच्या मालकाला त्याची गंधवार्ता नव्हती. दुसरे, स्वस्तातले अँड्रॉइड टीव्ही-बॉक्स आणि प्रोजेक्टर, ज्यांच्यात विक्रीपूर्वीच बाधा भरलेली असू शकते, बॅडबॉक्स २.० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा जाळ्याबद्दल एफबीआयने जून २०२५ मध्ये इशारा दिला होता. सभागृहात भिंतीला लावलेला तो छोटा डबा कोणी संगणक मानतच नाही, त्यामुळे अँटिव्हायरसच्या फेरीतून तो नेहमी सुटतो.

दुरुस्ती

डीव्हीआर किंवा कॅमेऱ्याच्या बाबतीत नुसते बंद करून चालू करणे हा उपाय नव्हे, तरी तो वारंवार केला जातो, आणि समस्या परत परत उद्भवण्याचे हेच सर्वांत मोठे कारण मला दिसते. मिराईसारखी बाधा यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत राहते. वीज घालवली की ती खरोखरच पुसली जाते, यादीतले नावही निघते, सगळे समाधान पावतात, आणि यंत्र तोच पासवर्ड घेऊन इंटरनेटवर आल्यावर काही मिनिटांत पुन्हा बाधित होऊ शकते. म्हणून क्रम असा ठेवावा: प्रथम यंत्राची नेटवर्कची केबल काढावी, मग ते बंद करून चालू करावे, उत्पादकाने दिलेले अद्ययावत फर्मवेअर (यंत्राचा अंतर्गत प्रोग्रॅम) घालावे, पासवर्ड बदलावा, राउटरवरील पोर्ट-फॉरवर्डिंगचे (बाहेरून आतल्या यंत्राकडे वाट देणारे) नियम आणि यूपीएनपी (अशी वाट आपोआप उघडणारी सोय) बंद करावे, आणि त्यानंतरच केबल जोडावी. काही स्वस्त डीव्हीआरमध्ये पडद्यावरून बदललेला पासवर्ड टेलनेटला (दुरून आज्ञा देण्याच्या जुन्या सोयीला) लागू होतच नाही. अशा यंत्राला इंटरनेटवर जाण्याची वाट राउटरवर बंद करून त्याला कार्यालयापुरते ठेवणे, किंवा ते बदलणे, याशिवाय गत्यंतर नाही. कॅमेरे मोबाइलवर घरून पाहता यावेत असा मालकांचा आग्रह असतो. तो व्हीपीएनमार्फत पुरा करता येतो, आणि हा व्हीपीएन फुकटातला बाहेरचा नव्हे, आपल्याच राउटरवर चालणारा असतो.

संगणक बाधित असेल आणि त्यावर हिशेबाचे किंवा बँकेचे काम होत असेल, तर सफाईवर विसंबण्यापेक्षा माहितीची प्रत काढून ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने घालावी, आणि त्यावर वापरलेले सर्व पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत. इंडियन कॉम्प्युटर इमर्जन्सी रिस्पॉन्स टीमच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, सायबर स्वच्छता केंद्राकडून बाधा काढण्याची साधने विनामूल्य मिळतात. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे, नोंदी १८० दिवस जपणे आणि यंत्रांची घड्याळे प्रमाणित वेळेशी जुळवून ठेवणे कंपन्यांवर बंधनकारक आहे; इंटरनेटला जोडलेल्या कॅमेऱ्यांसारख्या यंत्रांवरील हल्लेही त्या प्रकारांत येतात. घड्याळाची अट वरवर किरकोळ वाटते, परंतु राउटरचे घड्याळ सात मिनिटे पुढे असेल तर तक्रारीतली वेळ आणि आपली नोंद कधीच जुळत नाही.

उलट बाजू: समोरचा पत्ता शोधताना

आपल्या सर्व्हरवर कोणी हल्ला करत असेल तर त्याचा पत्ता हूइज या पत्त्यांच्या नोंदी दाखवणाऱ्या सेवेत किंवा तिची नवी आवृत्ती असलेल्या आरडॅपमध्ये शोधता येतो. भारतातील पत्त्यांची नोंद एपीनिक आणि तिच्या अंतर्गत काम करणारी आयरिन ही राष्ट्रीय नोंदणी संस्था ठेवते. या शोधातून पत्ता कोणत्या सेवादात्याला दिलेला आहे आणि गैरवापराची तक्रार कुठे पाठवायची हे कळते. माणूस कळत नाही, घर तर नाहीच. नकाशावर टोचलेली टाचणी पाहून निष्कर्ष काढण्याचा मोह टाळावा. मॅक्समाइंड या, आयपी पत्त्यावरून ठिकाण सांगणाऱ्या, माहितीकोशात नेमके ठिकाण माहीत नसलेल्या अमेरिकी पत्त्यांसाठी देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू दिला जात असे, तो कॅन्ससमधील एका शेतघरावर पडत होता, आणि २०१६ मध्ये ही गोष्ट उघड होईपर्यंत तिथे राहणाऱ्यांना वर्षानुवर्षे पोलिसांचा आणि संतप्त लोकांचा त्रास सोसावा लागला. तक्रार पाठवताना आपल्या नोंदीतील ओळी, प्रमाणवेळेचा उल्लेख आणि समोरच्याचा स्रोत-पोर्टही (ज्या पोर्टावरून त्याची जोडणी आली तो) द्यावा. पत्ता सामायिक असेल तर स्रोत-पोर्ट आणि अचूक वेळ यांच्याशिवाय सेवादात्याला आपला ग्राहक ओळखता येत नाही.

विनंती आणि त्यानंतर

अडवलेल्या जोडण्यांच्या नोंदीत दोन-तीन दिवस काहीही नवे दिसले नाही, की मगच यादीतून नाव काढण्याची विनंती करावी, आणि तिच्यात काय सापडले व काय दुरुस्त केले हे दोन वाक्यांत स्पष्ट लिहावे. स्वतःचा मेल-सर्व्हर असेल तर त्याच वेळी सेवादात्याकडून उलट डीएनएस नोंद करून घ्यावी, म्हणजे पत्त्यावरून नाव आणि नावावरून तोच पत्ता मिळेल. ही नोंद पत्ता देणाऱ्या सेवादात्याच्याच हाती असते, संकेतस्थळाचे नाव जिथून घेतले तिथे ती होत नाही.

सगळे स्वच्छ असूनही एखादी यादी आपल्याला सोडत नसेल, तर ती आपल्याबद्दल बोलते आहे की शेजाऱ्यांबद्दल हे पाहावे. यूसीईप्रोटेक्ट या यादीच्या पहिल्या पातळीवर एकटा पत्ता असतो आणि उपद्रव थांबल्यावर सात दिवसांनी तो आपोआप निघतो. तिसऱ्या पातळीवर मात्र सेवादात्याचे संपूर्ण जाळेच नोंदले जाते, आणि त्यात एका ग्राहकाच्या हाती करण्यासारखे काही नसते. लवकर सुटकेसाठी तिथे पैसे मागितले जातात. ते देऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ही पातळी पाहून ई-मेल नाकारणारे सर्व्हर मोजकेच आहेत. खरोखर अडत असेल तर सेवादात्याकडे दुसऱ्या पट्ट्यातला स्थिर पत्ता मागावा. तो राउटरवर घालण्यापूर्वी त्याचाही इतिहास वरीलप्रमाणेच तपासून घ्यावा, आणि आधीच्या ग्राहकाच्या तक्रारी त्यावर साचलेल्या दिसल्या तर तो स्वीकारण्यापूर्वीच परत करावा.